प्राचीन इतिहास लोकांपर्यंत नेणारे दामोदर धर्मानंद कोसंबी

प्राचीन भारताचा इतिहास म्हटला की राजवंशांच्या वंशावळी, लढायांच्या सनावळ्या आणि राजांच्या बिरुदावल्या यांचेच चित्र सामान्यतः डोळ्यांपुढे उभे राहते. ज्यांनी जंगल तोडून शेत केले, नांगर धरला, घाटातून मालाचे तांडे नेले, त्या असंख्य माणसांविषयी जुने ग्रंथ फारसे बोलत नाहीत. त्यांचा इतिहास लिहावयाचा कसा आणि त्याची साधने शोधावयाची कोठे, या प्रश्नाला ज्यांनी स्वतंत्र बुद्धीने उत्तर दिले, त्यांत दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे स्थान फार वरचे आहे. कोसंबी हे व्यवसायाने गणिताचे प्राध्यापक होते. तथापि प्राचीन इतिहास विद्वानांच्या कपाटातून बाहेर काढून तो सुशिक्षित सामान्य वाचकाच्या हाती देण्याचे त्यांचे कार्य गणितातील कार्याहून अधिक सर्वदूर पोहोचले. या कार्याचा पुष्कळसा भाग पुणे जिल्ह्यातील गावे, टेकड्या आणि घाटवाटा यांच्या आधारे उभा राहिला. म्हणूनच शिक्षक, ग्रामपंचायतींचे सदस्य आणि शासकीय अधिकारी यांना त्यांचे चरित्र जवळचे वाटावे.

घराणे आणि शिक्षण

कोसंबी यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातील कोसबें येथे झाला. त्यांचे वडील आचार्य धर्मानंद कोसंबी हे बौद्ध धर्माचे व पाली भाषेचे थोर पंडित होते. बुद्धाची शिकवण मूळ भाषेतून जाणून घेण्याच्या ओढीने धर्मानंदांनी १८९९ मध्ये घर सोडले आणि काशी, नेपाळ व श्रीलंका अशी खडतर भ्रमंती करून विद्या संपादन केली. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पालीचे अध्यापन केले, तर अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनाचे काम केले. ज्ञान मिळविण्यासाठी पायी हिंडावे लागले तरी हिंडावे आणि मिळालेले ज्ञान मराठीतून लोकांना द्यावे, हा पित्याचा आदर्श पुत्रासमोर बालपणापासून होता.

१९१८ मध्ये धर्मानंद आपल्या मुलाला अमेरिकेस घेऊन गेले. दामोदर यांचे शालेय शिक्षण मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज येथे आणि उच्च शिक्षण हार्वर्ड विद्यापीठात झाले. १९२९ मध्ये त्यांनी सर्वोच्च श्रेणीत पदवी संपादन केली. गणित हा त्यांचा मुख्य विषय होता. तरी अनेक भाषांचा अभ्यासही त्यांनी त्याच काळात केला.

स्वदेशी परतल्यावर त्यांनी प्रथम बनारस हिंदू विद्यापीठात आणि त्यानंतर अलीगढ मुस्लिम विद्यापीठात अध्यापन केले. तेथून ते पुण्यास आले आणि ज्या फर्ग्युसन महाविद्यालयात वडिलांनी पाली शिकविली होती, तेथेच गणित शिकवू लागले. १९३४ मध्ये त्यांना रामानुजन स्मृती पारितोषिक मिळाले. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेची स्थापना झाल्यावर डॉ. होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून ते तेथे गणिताचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले आणि १९६२ पर्यंत त्या संस्थेत राहिले. वास्तव्य पुण्यात आणि काम मुंबईत, अशा या काळात पुणे-मुंबई रेल्वे प्रवास त्यांच्या नित्यक्रमाचा भाग झाला होता. १९४४ मध्ये त्यांनी आनुवंशशास्त्रासाठी एक गणिती सूत्र मांडले. गुणसूत्रावरील जनुकांमधील अंतराचा अंदाज बांधण्यासाठी ते उपयोगी पडते आणि ‘कोसंबी सूत्र’ या नावाने पिकांच्या सुधारित वाणांवर काम करणारे शास्त्रज्ञ आजही ते वापरतात.

तराजूने उघडलेले इतिहासाचे दार

गणिताचा हा अभ्यासक इतिहासाकडे वळला तो नाण्यांमुळे. संख्याशास्त्राची पद्धत एखाद्या प्रत्यक्ष प्रश्नावर वापरून पाहावी, म्हणून त्यांनी प्राचीन आहत नाणी निवडली. ही भारतातील अतिप्राचीन चांदीची नाणी होत. त्यांवर राजाचे नाव नाही, सनही नाही. सूर्य, टेकडी, प्राणी यांसारख्या चिन्हांचे ठसे मात्र असतात. केवळ चिन्हांवरून ही नाणी कोणाची व केव्हाची हे सांगणे कठीण होते.

कोसंबींनी या प्रश्नाचा विचार बाजारात वावरणाऱ्या माणसाच्या दृष्टीने केला. नाणे हातोहात फिरते तेव्हा ते झिजते. जितके अधिक फिरावे तितके त्याचे वजन घटते आणि एकाच वेळी पाडलेल्या नाण्यांच्या वजनांतील परस्पर फरकही वाढत जातो. प्रथम त्यांनी चालू व्यवहारातील नाणी वजन करून हा नियम पडताळून पाहिला. मग तक्षशिला येथे १९२४ मध्ये सापडलेल्या, एक हजाराहून अधिक नाणी असलेल्या ठेव्याला तो लावला. या नाण्यांच्या मागील बाजूस लहान लहान ठसे आढळतात. सराफांनी किंवा व्यापाऱ्यांनी नाणे वेळोवेळी पारखल्याच्या त्या खुणा असाव्यात, असे कोसंबींचे मत होते. तसे असेल तर ज्या नाण्यावर असे ठसे अधिक, ते अधिक वर्षे फिरलेले आणि म्हणून वजनाने हलके असावयास हवे. मोजणी केल्यावर ठशांची संख्या वाढते तसे सरासरी वजन उतरत जाते, असेच दिसून आले. अशा रीतीने साध्या, परंतु अचूक तराजूच्या साहाय्याने मुक्या नाण्यांची कालानुक्रमाने मांडणी करण्याचा मार्ग मोकळा झाला. पुढे त्यांनी निरनिराळ्या संग्रहांतील हजारो नाण्यांची स्वतः वजने केली.

नाण्यांचा क्रम लागला, तरी ती पाडणारे राजे कोण, हे समजण्यासाठी जुने ग्रंथ पाहणे आवश्यक होते. त्यासाठी कोसंबी संस्कृत ग्रंथांकडे वळले. ग्रंथांचे पाठ विश्वसनीय आहेत की नाहीत हे तपासताना ते पाठचिकित्सेत शिरले. भर्तृहरीच्या नावावरील सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती त्यांनी शेकडो हस्तलिखिते ताडून सिद्ध केली आणि ती १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली. विद्याकर या बंगालमधील बौद्ध पंडिताने संकलित केलेला ‘सुभाषितरत्नकोश’ त्यांनी प्रा. वि. वि. गोखले यांच्या सहकार्याने संपादित केला. तो १९५७ मध्ये हार्वर्डच्या प्राच्य ग्रंथमालेत समाविष्ट झाला. या सर्व उद्योगात त्यांचा एक सिद्धांत दृढ होत गेला. नाणे, ग्रंथ, शिलालेख, उत्खनन आणि लोकाचार यांपैकी कोणतेही एक साधन एकट्याने पुरेसे नसते; एकाची साक्ष दुसऱ्याने तपासावी लागते.

गावोगावची पायपीट

लोकाचाराची साक्ष मिळविण्यासाठी कोसंबींनी जी पद्धत अवलंबिली ती त्या काळी विद्वानांच्या वर्तुळात अपरिचित होती. ते पायी निघत. पुण्याभोवतालच्या टेकड्या, मावळातील खोरी, कार्ले, भाजे, बेडसे व जुन्नर येथील लेण्यांचा परिसर त्यांनी पुनःपुन्हा धुंडाळला. टेकड्यांच्या उतारांवर त्यांना गारगोटीसदृश दगडांची नखाएवढी धारदार पाती सापडत. पुरातत्त्वज्ञ त्यांना सूक्ष्मास्त्रे म्हणतात. शेतीपूर्व काळातील शिकारी व पशुपालक लोक ती लाकडात किंवा हाडात बसवून हत्यार म्हणून वापरीत असत.

या पात्यांच्या ठिकाणांची नोंद करीत असताना एक गोष्ट कोसंबींच्या ध्यानी आली. गावाबाहेर, शेंदूर फासलेल्या तांदळ्याच्या रूपात असलेली कित्येक देवीस्थाने जुन्या पायवाटांच्या मिलनस्थळी किंवा त्यांच्या जवळपास आहेत आणि अशा काही स्थानांभोवती सूक्ष्मास्त्रेही मिळतात. गाव नंतर वसले, वाट त्याआधीची. चराऊ कुरणांच्या शोधात हिंडणारे समूह ज्या वाटांनी जात, त्या वाटांवरील भेटीची, देवाणघेवाणीची व पूजेची ही ठिकाणे असावीत, असा त्यांनी निष्कर्ष काढला. धनगरांचे कळप पावसाळ्यानंतर ज्या मार्गांनी सरकतात आणि खतासाठी शेतकरी ज्या रीतीने आपल्या शेतात मेंढ्या बसवून घेतो, त्या व्यवहाराकडेही त्यांनी याच दृष्टीने पाहिले. शेतकरी व पशुपालक यांच्यातील हा जुना करार कोठे लिहिलेला नाही. तो आचरणात टिकून राहिला आहे.

ग्रामदैवतांच्या कथांचाही त्यांनी असाच उपयोग केला. पुरंदर तालुक्यातील वीर येथील म्हस्कोबा मूळचा सोनारीचा, भक्तामागोमाग तो तेथे आला, अशी परंपरा आहे. माघी पौर्णिमेला जोगेश्वरीशी त्याचा विवाह लावला जातो आणि मोठी यात्रा भरते. दुसरीकडे, देवीने महिषासुराचा वध केल्याची कथा सर्वश्रुत आहे आणि म्हसोबा या दैवताचा संबंध महिषाशी जोडला जातो. एके ठिकाणी ज्याचा देवीशी विवाह होतो, तोच दुसरीकडे देवीच्या हातून मारला जातो, हे कसे? कोसंबींचे उत्तर असे की, देवांच्या विवाहांमागे व युद्धांमागे त्यांना पूजणाऱ्या मानवी समूहांचे संबंध दडलेले असतात. दोन समूह एकत्र नांदू लागले की त्यांच्या दैवतांचे लग्न लागते. संघर्ष झाला की एक दैवत दुसऱ्याचा वध करते. या स्पष्टीकरणाविषयी मतभेद होऊ शकतो. परंतु गावच्या जत्रेकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहता येते, ही दृष्टी त्यांनी दिली यात शंका नाही.

कार्ले येथील चैत्यगृहासमोर एकवीरा देवीचे मंदिर आहे आणि कोळी समाज तिला कुलदेवता मानतो. त्याच चैत्याच्या स्तंभांवर दानलेख कोरलेले आहेत. त्यांत धेनुकाकट या स्थानाहून आलेले यवन, सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, सुतार असे दाते आढळतात. घाटमाथ्यावरील ही लेणी व्यापारी मार्गांना लागून का आहेत, या प्रश्नाचा कोसंबींनी सविस्तर विचार केला. विहारांना वस्त्रे, धान्य व अन्य वस्तू लागत. व्यापाऱ्यांना वाटेत आधार लागे. धर्म आणि व्यापार यांचे हे परस्परावलंबन त्यांनी स्पष्ट करून दाखविले.

राजापेक्षा नांगर महत्त्वाचा

कोसंबींच्या इतिहासदृष्टीचे सार एका वाक्यात सांगता येईल. एखाद्या समाजाच्या राजाचे नाव काय होते यापेक्षा त्या समाजाजवळ नांगर होता की नाही, हे कळणे त्यांना अधिक मोलाचे वाटे. उत्पादनाची साधने बदलली की माणसामाणसांतील संबंध बदलतात आणि त्याबरोबर राज्यव्यवस्था, धर्मकल्पना व रूढी यांतही पालट होतो, अशी त्यांची मांडणी होती. ती मार्क्सच्या विचारांवर आधारलेली होती. परंतु युरोपच्या इतिहासातील टप्पे भारतावर जसेच्या तसे लादणे त्यांना मान्य नव्हते आणि या बाबतीत त्यांनी स्वपक्षीय विचारवंतांशीही वाद घातला.

मगधाचा उदय, गंगेच्या खोऱ्यातील अरण्यांची तोड, लोखंडाचा वापर, कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील ‘सीता’ म्हणजे राजाच्या मालकीची शेतजमीन, त्यानंतर गावांचे स्वयंपूर्ण होत जाणे, या घटना त्यांनी एका सूत्रात गुंफल्या. गोव्याच्या जुन्या काबिजादीतील गावकरी पद्धतीवरही त्यांनी स्वतंत्र प्रबंध लिहिला. जमीन गावाच्या सामूहिक मालकीची, मूळ वसाहत करणाऱ्या घराण्यांच्या वंशजांचे तीत वाटे आणि बांधबंदिस्ती ही सर्वांची जबाबदारी, अशी ही व्यवस्था होती. ग्रामसंस्थेच्या इतिहासात ज्यांना रस आहे, त्यांनी हे प्रकरण अवश्य वाचावे.

सर्वांसाठी लिहिलेला इतिहास

१९५६ मध्ये मुंबईच्या पॉप्युलर बुक डेपोने त्यांचा ‘ॲन इंट्रॉडक्शन टू द स्टडी ऑफ इंडियन हिस्टरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. १९६२ मध्ये ‘मिथ अँड रिॲलिटी’ हा लेखसंग्रह आला. लोकदैवते, घाटवाटा, भगवद्गीतेची सामाजिक पार्श्वभूमी आणि गोव्यातील गावकरी हे विषय त्यात आहेत. १९६५ मध्ये ‘द कल्चर अँड सिव्हिलायझेशन ऑफ एन्शंट इंडिया इन हिस्टॉरिकल आउटलाइन’ हा ग्रंथ लंडनहून प्रसिद्ध झाला. तज्ज्ञ नसलेल्या वाचकासाठी लिहिलेला हा ग्रंथ देशात व परदेशात मोठ्या प्रमाणावर वाचला गेला.

विषय सोपा करणे म्हणजे तो पातळ करणे, असे कोसंबींनी कधी मानले नाही. त्यांच्या पुस्तकांत छायाचित्रे व रेखाटने आहेत. त्याचबरोबर प्रत्येक निष्कर्ष कोणत्या पुराव्यावरून काढला, हेही सांगितलेले असते. वाचकाला आपल्या गावात जाऊन तोच पुरावा स्वतः पाहता यावा, हा त्यामागील हेतू. लोकशिक्षणाची ही उच्च प्रतीची रीत होय. कारण तीत वाचकाच्या बुद्धीवर विश्वास ठेवलेला असतो.

जागतिक शांतता चळवळीतही त्यांनी भाग घेतला आणि भारतासारख्या देशाने सूर्यशक्तीचा उपयोग करावा असा आग्रह धरला. १९६४ मध्ये पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या संस्थेशी संलग्न असे मानद वैज्ञानिकाचे पद त्यांना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेकडून मिळाले. २९ जून १९६६ रोजी पुणे येथे, वयाच्या अवघ्या ५८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. २००८ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले आणि त्याच वर्षापासून गोव्यात त्यांच्या नावाने विचार महोत्सव भरविण्यास प्रारंभ झाला. त्यांचा ग्रंथसंग्रह गोवा विद्यापीठात जतन केलेला आहे.

नव्या पुराव्याच्या प्रकाशात

कोसंबींचे सर्वच निष्कर्ष आज टिकून आहेत, असे नाही. दख्खनमधील स्थिर शेतीचा विस्तार त्यांनी मुख्यतः लोखंडाच्या नांगराशी जोडला होता. त्यांच्या निधनानंतर, १९६८ ते १९८३ या काळात, पुण्याच्या डेक्कन कॉलेजने शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे उत्खनन केले. घोड नदीच्या काठी लोखंडाच्या प्रसारापूर्वीपासून वसलेले आणि सुमारे ९०० वर्षे नांदलेले शेतकऱ्यांचे गाव तेथे उजेडात आले. हे लोक जव पिकवीत आणि पुराचे पाणी वळविण्यासाठी त्यांनी पाटही काढला होता. उत्तर प्रदेशातील उत्खननांमुळे गंगेच्या खोऱ्यातील लोखंडाचा काळही पूर्वीच्या समजुतीपेक्षा बराच मागे गेला आहे. पुरावा बदलला की निष्कर्ष बदलावा, ही कोसंबींचीच शिकवण असल्याने या दुरुस्त्यांमुळे त्यांच्या पद्धतीला बाध येत नाही. त्यांनी विचारलेले प्रश्न आजही संशोधनाला दिशा देत आहेत.

गावाचे कर्तव्य

परंतु पुरावाच नष्ट झाला तर निष्कर्ष सुधारण्याची संधीही नाहीशी होते. आज खरी चिंता याच गोष्टीची आहे. नदीकाठच्या जुन्या वस्तीची राख व मातीमिश्रित टेकाडे, ज्यांना गावात पांढरी म्हणतात, शेतात खत म्हणून पसरण्यासाठी वर्षानुवर्षे खणली गेली. रस्ते, खाणी व नवी बांधकामे यांत जुन्या पायवाटा लुप्त होत आहेत. जीर्णोद्धाराच्या उत्साहात वीरगळ पायात गाडले जातात, शिलालेखांवर तैलरंग फासला जातो आणि तांदळ्याच्या जागी नवी मूर्ती बसवून जुना दगड टाकून दिला जातो. यात दुष्ट हेतू क्वचितच असतो; वस्तूचे मोल ठाऊक नसणे, हेच बहुधा कारण असते.

हे टाळण्यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. ग्रामपंचायतीला आपल्या हद्दीतील वीरगळ, सतीशिळा, गधेगाळ, शिलालेख, बारव, जुनी देवस्थाने व पांढरीची टेकाडे यांची नोंदवही ठेवता येईल. जागा, गट क्रमांक, लांबी-रुंदी, छायाचित्र व नोंदीची तारीख एवढा तपशील पुरेसा आहे. शिक्षकांना विद्यार्थ्यांकडून गावातील वृद्धांच्या मुलाखती घेवविता येतील. ग्रामदैवत कोठून आले, पुजारी कोण, नैवेद्य कोणता, पालखी कोणत्या वाटेने जाते, शिवारातील शेतांची जुनी नावे कोणती, हे प्रश्न त्यासाठी उपयुक्त ठरतील. उत्तर ऐकावे तसे लिहावे. आपल्याला पटेल तसे बदलू नये. श्रद्धेचा अवमान होईल असे वर्तन तर कटाक्षाने टाळावे. शेंदूर खरवडून पाहणे किंवा जमीन स्वतः उकरणे हे संशोधन नव्हे.

जमिनीत काही सापडल्यास कायद्याचा मार्ग स्पष्ट आहे. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ अन्वये दहा रुपयांपेक्षा अधिक मोलाचा पुरलेला ठेवा सापडल्यास त्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. संरक्षित स्मारकांसाठी केंद्राचा १९५८ चा आणि महाराष्ट्राचा १९६० चा अधिनियम आहे. संविधानाच्या अनुच्छेद ५१क नेही आपल्या संमिश्र संस्कृतीच्या वारशाचे मोल जाणून तो जतन करणे हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य मानले आहे. १९७४ मध्ये श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद येथे झुडपाची मुळे खणताना एका ग्रामस्थाला ब्राँझची चार शिल्पे मिळाली. ती वितळविली न जाता अभ्यासकांपर्यंत पोहोचली आणि प्राचीन महाराष्ट्राविषयीच्या ज्ञानात मोलाची भर पडली. असा ठेवा कोणत्याही गावाच्या शिवारात दडलेला असू शकतो.

कोसंबी ज्या वाटांनी चालले त्यांपैकी काही वाटा आज डांबरी रस्त्यांखाली गेल्या आहेत. काही अद्याप शिल्लक आहेत. त्यांवरील खुणा वाचण्यासाठी लागणारे कुतूहल आणि चिकाटी ही विद्यापीठांची मक्तेदारी नाही. प्रत्येक शाळेने आणि ग्रामपंचायतीने आपल्या शिवारापुरते हे काम अंगावर घेतले, तर महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासाची अनेक कोरी पाने भरली जातील आणि कोसंबींचे तेच उचित स्मारक ठरेल.